पद्मदीघीला बस येते

श्यामकांतराव टिपणिसांना एक बस हवी होती. विकत घ्यायला नव्हे. घराजवळून जाणारी, हात केला की थांबणारी आणि आठवड्यातले निदान सहा दिवस श्यामबझारला पोचवणारी. एवढीच मागणी. या मागणीपायी आपण एका संयुक्त समितीचे मानद सचिव होऊ आणि भर उन्हात एका बांबूपुढे गावभर चालू, असं त्यांना आधी कुणी सांगितलं असतं, तर ते गुपचूप पायी जात राहिले असते.

पद्मदीघी डमडमच्या पुढे दोन मैलांवर. दीघी म्हणजे मोठं तळं आणि पद्म म्हणजे कमळ. तळं होतं. कमळाबद्दल गावातले जुने लोक फार आदरानं बोलत, पण पाहिलेलं कुणीच नव्हतं. तळ्यावर बाराही महिने जलपर्णी माजलेली असे. त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात श्यामकांतराव तिथे दोन खोल्यांचं घर बांधून राहायला आले. जागा दाखवताना दलाल म्हणाला होता, "तीन महिन्यांत दारात बस." दलाल खोटं बोलत नाहीत. ते फक्त वर्ष सांगत नाहीत.

रोज सकाळी दोन मैल चालत डमडम, तिथून बसनं श्यामबझार, श्यामबझारहून ट्रामनं धरमतल्ला आणि तिथून दुसऱ्या ट्रामनं खिदिरपूर. तिथे गोदीतल्या कस्टमच्या ऑफिसात ते परदेशातून आलेल्या मालाचे कागद तपासत. पेटीवर 'चिनी मातीची भांडी' असं लिहिलं असेल, तर आत चिनी मातीची भांडीच आहेत ना, हे बघायचं काम. घरून निघताना इस्त्रीतून काढल्यासारखा दिसणारा माणूस ऑफिसात पोचेपर्यंत पिळून दोरीवर टाकल्यासारखा दिसे. पण याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. निदान ते तसं सांगत.

खरं कारण होतं मंदाकिनीबाई. लग्न झाल्यापासून बाईंचा सगळा संसार बालीगंजला झाला होता. धाकटी बहीण नलिनी पलीकडच्याच गल्लीत, समोरच्या मजल्यावर नागपूरकडचं एक कुटुंब, शनिवारी भजन, संक्रांतीला हळदीकुंकू. एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत मराठीत ओरडून विचारता येई, "आज काय केलंस गं?" पद्मदीघीत वाटीभर डाळ मागायची तर ती बंगालीत मागायची. मुलगा शिकायला बाहेरगावी. आठ महिन्यांत बाई बालीगंजला दोनदाच जाऊन आल्या. पण त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर श्यामकांतरावांना उत्तर देता आलं असतं. न भांडणाऱ्या बायकोपुढे माणूस काय करणार? एके दिवशी सकाळी त्यांनी तिला गवळ्याच्या गाईशी मराठीत बोलताना ऐकलं. "तुझं बरं आहे बाई," ती गाईला सांगत होती, "तुला कुठे जायचं नसतं." त्याच दिवशी श्यामकांतराव अर्ज लिहायला बसले.

अर्ज इंग्रजीत, फुलस्केपची चार पानं. त्यावर पहिली सही शेजारच्या फणिभूषण मैत्रांची. फणिबाबू आयुष्यभर कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारे कारकून, होते. आता निवृत्तीनंतर ते घरापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर बसून उभ्या पद्मदीघीचे खटले ऐकत. सकाळ-संध्याकाळ तिथे आठदहा माणसांचा अड्डा भरे. त्यांनी चारही पानं चष्मा वरखाली करून वाचली.

"मोशाय," ते म्हणाले, "दोनशे वर्षांपूर्वी तुमचे मराठे घोड्यांवर बसून बंगालमध्ये आले, तेव्हा त्यांनी कुणाला अर्ज केला नव्हता. तुम्हांला एका बससाठी चार पानं लागतात?"

अड्डा खो खो हसला. श्यामकांतरावही हसले. गेल्या आठ महिन्यांत हा विनोद त्यांनी वेगवेगळ्या रूपांत निदान वीस वेळा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी आपल्या पूर्वजांच्या वतीनं थोडंसं ओशाळून ते हसत आले होते.

"आणि एक चूक ठेवा," फणिबाबू पुढे म्हणाले. "एखादं स्पेलिंग. हेडक्लार्कला काहीतरी सापडलं पाहिजे. सापडलं की माणूस खूश होतो. खूश झाला की सही करतो."

श्यामकांतरावांना हे पटलं नाही. जाणूनबुजून चूक करायची, तीही सहीखाली! नगरपालिकेच्या हेडक्लार्कनं तो अर्ज दोनदा वाचला, चूक सापडली नाही, आणि समास पुरेसा सोडलेला नाही म्हणून परत केला. दुसऱ्या खेपेला श्यामकांतरावांनी 'कन्व्हिनियन्स'मधला एक 'एन' गाळला. अर्ज दहा मिनिटांत दाखल झाला.

पण दाखल होणं वेगळं आणि काम होणं वेगळं. "बस हा आमचा विषयच नाही," हेडक्लार्क म्हणाला. "आमचा विषय रस्ता. रस्त्यावरून काय जातं, ते बसमालक बघतात." श्यामकांतराव श्यामबझारला बसमालकांच्या संघात गेले. संघाचे चिटणीस निशिकांत साहा, स्वतः तीन बसचे धनी, मूळचे ढाक्याकडचे. त्यांनी चहा पाजला. "टिपोनिशबाबू, बस द्यायला माझी ना नाही. पण तुमचा तो रस्ता! खड्ड्यात गाडीचा अ‍ॅक्सल तुटला तर तो काय तुमचा अर्ज जोडणार? आधी नगरपालिकेला रस्ता करायला सांगा." श्यामकांतराव परत नगरपालिकेत. "ज्या रस्त्यावरून वाहन जात नाही," हेडक्लार्क म्हणाला, "तो दुरुस्तीच्या यादीत बसत नाही."

हे जाणं-येणं चैत्रभर चाललं. शेवटी श्यामकांतरावांच्या तोंडून एक वाक्य निसटलं. ते थेट चेअरमनसाहेबांच्या खोलीत निसटलं, हा त्यांचा ग्रहयोग. "साहेब," ते म्हणाले, "नगरपालिका आणि बसमालक एकदा समोरासमोर बसले तर?"

चेअरमन अघोर चट्टराज जाडजूड, गोरेपान, घरंदाज गृहस्थ. त्यांनी पानाचा डबा मिटला. नगरपालिकेच्या तीस वर्षांच्या इतिहासात ही कल्पना कुणालाच सुचलेली नसावी, किंवा सुचली असेल त्यानं ती शहाणपणानं गिळली असावी.

"संयुक्त समिती!" अघोरबाबू म्हणाले. "उत्तम. तुमचं नाव काय म्हणालात?"

"टिपणीस."

"टिपोनिश. याचा अर्थ काय होतो हो?"

आपलं आडनाव कुणी विचारलं की श्यामकांतरावांची छाती जरा फुगे. त्यांनी सांगितलं की जुन्या काळी दरबारात जे बोललं जाई त्याची टिपणं ठेवणारा मानकरी तो टिपणीस.

"वा! म्हणजे पिढीजात सचिव," चेअरमन म्हणाले, आणि हेडक्लार्ककडे वळून, "लिहा. मानद सचिव, श्रीयुत टिपोनिश."

अशा रीतीनं घराण्याच्या अभिमानानं माणसाचा घात केला.

आता समितीनं बसायचं कुठे? अघोरबाबूंचं म्हणणं, साहांनी नगरपालिकेत यावं. साहांचं म्हणणं, चेअरमननी गॅरेजवर यावं, म्हणजे गाड्यांचे तुटलेले भाग डोळ्यांनी दिसतील. मामला मानाचा होता, आणि त्याच्या तळाशी फुटबॉल होता. अघोरबाबू मोहनबागान क्लबचे, साहा ईस्ट बेंगालचे; एक मूळचे इकडचे, दुसरे पूर्वेकडून आलेले. कलकत्त्यात ज्यानं हा भेद ओळखला त्याला निम्मं कलकत्ता कळलं. दोघांना चालेल असं घर एकच निघालं: जिथला यजमान कुठल्याच बाजूचा नाही. श्यामकांतरावांना फुटबॉलमधलं एवढंच कळे की चेंडू हातात घ्यायचा नसतो.

म्हणून दर रविवारी सकाळी नऊ वाजता टिपणिसांच्या पुढच्या खोलीत समिती बसू लागली. अघोरबाबू खुर्चीवर, साहा पलंगावर, फणिबाबू नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून दारात, आणि श्यामकांतराव मांडीवर वही घेऊन. मंदाकिनीबाईंनी पहिल्या दिवशी पोहे केले. कांदा, मोहरी, वरून ओलं खोबरं. अघोरबाबूंनी बशीकडे संशयानं पाहिलं.

"बौदी, चिंडे? हे पोहे तर आमच्याकडे पोट बिघडल्यावर देतात."

"खाऊन बघा. मग बिघडतं का ते सांगा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. हे त्या हिंदी आणि बंगालीच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत म्हणाल्या, पण ते पोचलं. अघोरबाबूंनी दुसरी बशी मागितली. साहांनी तिसरी. त्या दिवशी समितीत याखेरीज कुठल्याच मुद्द्यावर एकमत झालं नाही.

पोह्यांच्या वासावर भिंतीपलीकडून फणिबाबूंच्या पत्नी कालिंदीदेवी येऊ लागल्या. पुढच्या खोलीत समिती, मागच्या खोलीत दोन बायका. पुढे आवाज चढत, मागे हसू येई. आपली बायको कुणाशीतरी हसते आहे याचं श्यामकांतरावांना बरं वाटे, पण इतिवृत्त लिहिण्याच्या नादात त्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. इतिवृत्त हा प्रकारच असा आहे, की घडतं ते सगळं त्यात येतं आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं.

चौथ्या रविवारी प्रश्न निघाला, रस्त्यातून बस मावेल का? मोजायला हवं. नगरपालिकेची मोजपट्टी ओव्हरसियरच्या कपाटात, कपाटाची किल्ली ओव्हरसियरकडे आणि ओव्हरसियर मुलीच्या लग्नासाठी बर्दवानला. "मोजपट्टी कशाला?" साहा म्हणाले. "माझ्या बसच्या रुंदीचा बांबू कापून आणतो. बांबू आडवा धरून चालत जायचं. बांबू गेला तर बस गेली."

कल्पना बिनतोड होती. पुढच्या रविवारी, ज्येष्ठातल्या रणरणत्या उन्हात, साहांचे दोन मेकॅनिक आडवा बांबू धरून आणि त्यांच्यापुढे छत्री व वही घेतलेले श्यामकांतराव अशी वरात निघाली. पहिल्याच घराचं दार धाडकन बंद झालं. मग दुसऱ्याचं. गल्लीतल्या खिडक्या पटापट मिटू लागल्या. श्यामकांतरावांना काही कळेना. तेवढ्यात पानवाल्याच्या दुकानावरून कुणीतरी ओरडलं, "काय हे दादा! दुर्गापूजेला अजून चार महिने आहेत, आणि आत्तापासून वर्गणी?"

बंगालमध्ये रविवारी सकाळी तीन माणसं बांबू घेऊन निघाली की ती पूजेच्या मांडवाचीच असायची, आणि मांडवाची माणसं वहीशिवाय येत नाहीत. श्यामकांतराव घसा फोडून सांगत होते, "वर्गणी नाही, बस! बस!" लोकांनी त्याचा अर्थ 'बसा' असा घेतला नाही हे खरं, पण विश्वासही ठेवला नाही. एका म्हाताऱ्या बाईनं दाराच्या फटीतून 'मालक घरात नाहीत' असं सांगितलं. खुद्द मालक तिच्या मागे उभे राहून तसं सांगायच्या खुणा करत होते. कस्टममध्ये सतरा वर्षं पेट्यांमधला माल ओळखणाऱ्या माणसाला भर रस्त्यात वर्गणीवाला ठरवण्यात आलं. श्यामकांतरावांनी छत्री थोडी खाली घेतली.

बांबू पानवाल्याला घासून गेला. शीतलामंदिराच्या वळणावर बोटभर अंतर ठेवून गेला. तळ्याच्या कडेनं गेला. आणि टिपणिसांच्या घराच्या अलीकडे येऊन ठक्कन अडला. पुढेही जाईना, मागेही येईना. समोर फणिभूषण मैत्रांचा ओटा होता. तो रस्त्यात दीड हात पुढे आलेला होता, आणि त्यावर खुद्द फणिबाबू अड्ड्यासह बसलेले होते.

"बांबू वाकडा आहे," फणिबाबू म्हणाले.

"बांबू सरळ आहे, दादा," मागून येऊन पोचलेले साहा म्हणाले. "ओटा वाकडा आहे."

दुसऱ्या दिवशी फणिबाबूंनी अर्जावरची पहिली सही मागे घेत असल्याचं लेखी कळवलं. ते पत्र त्यांनी श्यामकांतरावांना स्वतः आणून दिलं, वर पोचपावती मागितली. "व्यक्तिशः तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण हा ओटा माझ्या वडिलांनी बांधला. इथे चार माणसं बसतात. तुमची बस येईल आणि जाईल. माणसं कुठे बसतील?"

श्यामकांतराव चेअरमनकडे गेले. अघोरबाबूंनी पान तोंडात टाकलं. "ओटा अतिक्रमण आहे. नकाशावर मी स्वतः पाहिलंय. पण त्या ओट्यावर जे बोललं जातं त्यावर आमच्या वॉर्डातली मतं पडतात. ओटा मी पाडला तर पुढच्या निवडणुकीत ओटा मला पाडेल."

मग सगळ्यांनी सल्ले दिले. पानवाला म्हणाला, बस तळ्यातून न्या, तळं तसंही जलपर्णीनं भरलंय. डमडमच्या एका इंजिनियरनं अरुंद बस बांधायला सांगितलं. साहांनी तर बांबूच थोडा कापावा असं सुचवलं, म्हणजे निदान अहवाल पूर्ण होईल. एका रविवारी फणिबाबू आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी अघोरबाबूही आले नाहीत. पावसाळा आला, समितीचं कामकाज तहकूब झालं, आणि श्यामकांतराव छत्री घेऊन चिखलातून दोन मैल चालत राहिले. शेजाऱ्याशी असलेलं चांगलं नातं बसपायी गेलं, आणि बस तर नाहीच. पुन्हा कधी कुणाला एकत्र बसवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

श्रावण संपता संपता एका सकाळी त्यांना ठाक ठाक असा आवाज आला. बाहेर येऊन बघतात तो एक गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन फणिबाबूंचा ओटा फोडत होता, आणि फणिबाबू शेजारी उभे राहून, "दीड हात म्हणजे दीडच हात, एक बोट जास्त नको," असं बजावत होते. श्यामकांतरावांना पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"काय झालं?" श्यामकांतरावांनी आत येऊन बायकोला विचारलं.

"काही नाही," मंदाकिनीबाई भाजी चिरत म्हणाल्या. "कालिंदीदीदींना कालीघाटला जायचंय. गेल्या अकरा वर्षांत त्या एकदाही गेल्या नाहीत. पायी इतकं होत नाही त्यांना. मी एवढंच म्हटलं की ओटा दीड हात आत गेला तर दारातून बस मिळेल."

"आणि त्यांनी फणिबाबूंना सांगितलं?"

"सांगितलं नाही. चार दिवस त्यांच्याशी बोलल्याच नाहीत." भाजी चिरता चिरता त्या थांबल्या. "त्यानं होतं कधी कधी."

श्यामकांतरावांनी छत्री उचलली आणि ऑफिसचा रस्ता धरला.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. रस्त्यावर विटांचे तुकडे आणि खडी पडली. करार झाला. करारात नगरपालिकेचं नाव आधी की बसमालकांचं, यावर तीन रविवार गेले. शेवटी दोन प्रती करून एकीत हे नाव आधी आणि दुसरीत ते, असा तोडगा निघाला, आणि दोघांनीही आपापली प्रत चौकटीत लावली. मग उरली वेळ. साहांचं म्हणणं, बस भरली की सुटते, जगभर तसंच असतं. इथे मात्र श्यामकांतराव अडून बसले. सबंध वर्षात त्यांनी स्वतःसाठी धरलेला हा एकच हट्ट. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बस पद्मदीघीहून सुटली पाहिजे, कुणासाठीही थांबता कामा नये, कितीही मोठा माणूस असो. 'कितीही मोठा माणूस असो' हे शब्द त्यांनी स्वतः करारात घातले. ड्रायव्हर सरदार गुरबचनसिंग फौजेतून आलेला. त्याला कलम वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "टाइम दे दिया तो टाइम है, बाबूजी."

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी बसचा शुभारंभ ठरला. पंचांग बघून मुहूर्त अघोरबाबूंनी काढला. बसला झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर हळदीकुंकवाऐवजी चंदन आणि शेंदूर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी. कालिंदीदेवींनी शंख फुंकला. अघोरबाबू बोलले, साहा बोलले, अघोरबाबू पुन्हा बोलले. मग मानद सचिवांनी आभार मानायचे होते. श्यामकांतरावांनी आयुष्यातलं पहिलं बंगाली भाषण लिहून काढलं होतं, दोन पानं. महिनाभर ते आंघोळीच्या वेळी पाठ करत होते. ते बससमोरच्या खुर्चीवर चढले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "उपस्थित सज्जनहो आणि भगिनींनो..."

आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती.

मान्यवर मंडळी चटकन बसमध्ये चढली. पहिल्या फेरीची हौस सगळ्यांनाच होती. मंदाकिनीबाई आणि कालिंदीदेवी बायकांच्या सीटवर आधीच बसल्या होत्या. श्यामकांतराव नगरपालिकेच्या सहकार्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करत असताना हॉर्न वाजला. त्यांना वाटलं, हा आपल्या भाषणाला दिलेला मान आहे. त्यांनी किंचित मान लववली. गुरबचनसिंगनं खिडकीतून हात जोडले, घड्याळाकडे बोट दाखवलं, गाडी जरा मागे घेतली, वळवली आणि खुर्चीला मोठ्या अदबीनं वळसा घालून निघून गेला. मागच्या खिडकीतून मंदाकिनीबाई काहीतरी ओरडत हात हलवत होत्या. गर्दी बसमागे धावली. खुर्चीवर श्यामकांतराव, समोर पानवाला, आणि हातात भाषणाचं न वाचलेलं दुसरं पान.

पानवाल्यानं विचारलं, "आणखी आहे का?"

"नाही," श्यामकांतराव म्हणाले, आणि खाली उतरून डमडमच्या रस्त्याला लागले. दोन मैल. ते ऑफिसात चाळीस मिनिटं उशिरा पोचले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. उशिराच्या रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं, आणि टिपणीस घराण्यात खोटी नोंद करत नाहीत. त्यांनी लिहिलं: 'बस वेळेवर सुटली म्हणून.' विभागप्रमुखांनी ते तीनदा वाचलं. मग श्यामकांतरावांकडे बराच वेळ पाहिलं आणि प्रकृतीची चौकशी केली.

संध्याकाळी सहाला श्यामबझारहून पद्मदीघीची परतीची बस होती. श्यामकांतराव पोचले तेव्हा ती खच्चून भरलेली. ते मागच्या दाराशी दांडी धरून कसेबसे उभे राहिले. बस काही सुटेना. कंडक्टर अजून प्रवाशांना हाका मारत होता. तेवढ्यात पुढच्या सीटवरून एका बाईचा खणखणीत आवाज आला. अस्सल बंगालीत.

"सहा वाजून सात मिनिटं झाली! कलम चौथं काय म्हणतं? वेळ झाली की सुटायचं. भरली की सुटायचं असं कुठे लिहिलंय, दाखव मला! ही काय तुमची घरची गाडी आहे? नगरपालिकेनं रस्ता केलाय यासाठी!"

"बरोबर बोलतात दीदी," चार-पाच आवाज उठले. कंडक्टरनं घंटा वाजवली. बस सुटली.

श्यामकांतराव दांडीला लोंबकळत ऐकत राहिले. इतिवृत्त त्यांनी लिहिलं होतं, पण भिंतीआडून करार पाठ केला होता तो कुणी दुसऱ्यानंच. आणि ही बंगाली! ही ती कधी शिकली? त्यांनी दोन पानांसाठी महिनाभर घोकंपट्टी केली होती, आणि ही बाई एका श्वासात भांडत होती. पद्मदीघीला उतरेपर्यंत त्यांना तिच्यापर्यंत पोचता आलं नाही.

"अहो, तुम्ही याच बसमध्ये?" उतरल्यावर ती म्हणाली. "ऐकलंत का मेल्याचं?"

"ऐकलं. हिंदीत का नाही बोललीस?"

"हिंदीत भांडायला मजा येत नाही."

कालिंदीदेवी कपाळावर कालीघाटचा शेंदूर लावून पुढे चालू लागल्या. हे दोघे मागे. मंदाकिनीबाईंच्या हातात जड पिशवी होती.

"नलिनी कशी आहे?" श्यामकांतरावांनी विचारलं.

"बरी आहे. तिच्या वरचा मजला या महिनाअखेर रिकामा होतोय. मालकानं आपल्यालाच आधी विचारलंय. नलिनी म्हणाली, घर विकून टाका आणि परत या."

श्यामकांतरावांचं पाऊल थबकलं. अर्ज, समास, हेडक्लार्क, बांबू, फुटलेला ओटा, सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्यांना राग आला नाही. आठ महिने गाईशी बोलणारी बायको त्यांनी पाहिली होती.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ह्यांना विचारते."

"माझं काय..." ते म्हणाले. "तुला जायचं असेल तर जाऊ. खिदिरपूरही जवळ पडेल मला."

मंदाकिनीबाईंनी जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"इतकं सगळं केलंत," त्या म्हणाल्या, "पण मला एकदाही विचारलं नाहीत हो, की तुला बस हवीये की बालीगंज."

"विचारलं असतं तर?"

"तेव्हा बालीगंज म्हटलं असतं."

"आणि आता?"

"आता?" त्यांनी पिशवी त्यांच्या हातात दिली. "आता कुठे बसमध्ये बसायला जागा मिळाली. मिळालेली जागा कुणी सोडतं का?"

ओट्यावर फणिबाबू बसले होते. अड्डा आता जरा दाटीवाटीनं बसत असे. त्यांनी सरकून थोडी जागा केली आणि श्यामकांतरावांकडे न बघता म्हणाले, "बसा मोशाय. ते भाषण पुढे काय होतं?" श्यामकांतराव पिशवी मांडीवर घेऊन बसले. मंदाकिनीबाई मात्र थांबल्या नाहीत. त्या कालिंदीदेवींबरोबर पुढे गेल्या. येत्या रविवारी किती जणांचे पोहे लागतील, साहांना मिरची किती चालते आणि त्या कंडक्टरचं नाव समितीपुढे कसं आणायचं, याबद्दल दोघी बंगालीत भराभर बोलत होत्या. त्यातलं निम्मं श्यामकांतरावांना कळलं नाही.